मुठीखालचा मुकुट

आमच्या घरात एक तलवार आहे आणि ती पानिपताहून परत आली आहे, ही दोन वाक्ये आम्ही लहानपणी एकत्रच शिकलो. ती एकमेकांपासून सोडवता येतात, पहिले खरे असून दुसरे खोटे असू शकते, हे कळायला आम्हांला वयाची पंचावन्न वर्षे लागली. त्यांतली जवळजवळ तीस मराठी साहित्य शिकविण्यात गेली. पाठभेद, प्रक्षेप, संहिताचिकित्सा हे शब्द वर्गात नित्य उच्चारणाऱ्या माणसाने आपल्याच देवघराशेजारी टांगलेली संहिता कधी तपासून पाहू नये, यात कुणाला विनोद दिसला तर आमची तक्रार नाही.

आमचे गाव अंबाजोगाईपासून चार-पाच कोसांवर. निजामी अमलात अंबाजोगाईला मोमिनाबाद म्हणत. हे नाव पुढे कामी येणार आहे, म्हणून आताच सांगून ठेवतो. घरातली हकीकत अशी: फेब्रुवारी १७६० मध्ये उदगीरला सदाशिवरावभाऊंनी निजामाला नमविले, त्या लढाईत आमचा एक पूर्वज भाऊंच्या नजरेस पडला. परतूरच्या छावणीतून तो फौजेबरोबर उत्तरेस गेला. १४ जानेवारी १७६१ रोजी त्याचा घोडा पडला, एक हात तुटला, पण तलवार त्याने सोडली नाही, आणि पायी चालत दीड वर्षाने तो वेशीवर येऊन उभा राहिला. दीड वर्ष हा आजीचा पाठ. आजोबांच्या पाठात तीन वर्षे होती. तुटलेला हात आजीकडे डावा होता आणि आजोबांकडे उजवा. उजवा हात गेला असेल तर तलवार धरून आणली कशी, हा प्रश्न आम्हां भावंडांपैकी कुणालाही पडला नाही. उदगीर आमच्यापासून जवळ, परतूरही फार दूर नाही; गावांची नावे ओळखीची असली की त्यांच्यामधली वाटही खरी वाटू लागते.

वर्षातून एकदा, खंडेनवमीला, तलवार खाली उतरे. आजोबा ती म्यानातून काढीत. मग घरातल्या पुरुषांनी जुने तेल पुसायचे, चिंचेचा कोळ आणि चाळलेली राख लावून पाते घासायचे, धुऊन लगोलग कोरडे करायचे आणि खोबरेल तेलाचा हात फिरवून पाटावर ठेवायचे. हळद, कुंकू, झेंडूचे फूल. आणि दिवस मावळायच्या आत पुन्हा म्यानात. एरवी तिला हात लावायचा नाही. म्यानाबाहेर आली की ती रक्त मागते, असे आजी म्हणे. एकदा थोरल्या चुलतभावाने दुपारच्या सामसुमीत ती काढून परसातला ऊस तोडला. आजोबांनी त्याला झोडपलेच. पण नंतर स्वतःच्या अंगठ्याला पात्याची धार टेकवून रक्ताचा एक थेंब तिला दिला आणि मगच ती म्यानात घातली. तो थेंब पाहून आम्ही जेवलो नव्हतो.

पात्याच्या पाठीवर, म्हणजे धारेच्या उलट बाजूच्या जाड कडेवर, मुठीपासून दोन बोटांवर चार खुणा होत्या. आजोबा त्यांना मोडी अक्षरे म्हणत आणि ‘श्रीभवानी’ असे वाचीत. दुसरी खूण पात्याच्या अंगावर होती. मुठीची लोखंडी जीभ जिथे पात्यावर उतरते, तिथे त्या जिभेखाली अर्धे झाकलेले छत्र आणि छत्राच्या खाली झिजून गेलेला ओंकार. छत्र म्हणजे छत्रपतींचे, आणि ओंकाराला काही स्पष्टीकरण लागत नाही. महाविद्यालयात असताना आम्ही मोडी शिकलो, तेव्हा एका दिवाळीच्या सुट्टीत त्या चार खुणांशी झटापट केली. ‘श्रीभवानी’ काही निघेना. तेव्हा आम्ही असा निष्कर्ष काढला की, कोरणारा कारागीर अडाणी असावा. आपल्याला वाचता येत नाही, तिथे लिहिणाऱ्याला अडाणी ठरविण्याची ही खोड आम्ही पुढे विद्यार्थ्यांच्या प्रबंधांतून पुष्कळ पाहिली आणि प्रत्येक वेळी लाल शाईने खुणावली.

इतक्या वर्षांनी हा विषय उघडण्याचे कारण साधे आहे. गावच्या शाळेत जुन्या वस्तूंचे एक छोटे दालन मांडायचे ठरले. दसऱ्याच्या आठवड्यापुरती तलवार तिथे काचेखाली ठेवावी, असे तात्यांनी, म्हणजे आमच्या धाकट्या चुलत्यांनी, कबूल केले आणि फलकाचा मजकूर आम्ही लिहावा असे फर्मावले. परवान्याचे सोपस्कार त्यांनी पूर्वीच केलेले होते. मजकूर चार ओळींचा. पहिली ओळ आम्ही बसल्या बैठकीला लिहिली: ‘पानिपतच्या रणसंग्रामातील तलवार’. दुसऱ्या ओळीत पात्यावरील लेख द्यावा म्हणून तलवार उतरवून घेतली.

शिलालेखाचा ठसा घेतात तसा आम्ही त्या कडेचा ठसा घेतला. पातळ कागद, वर मऊ पेन्सिल आडवी धरून हलक्या हाताने फिरविली. चारही खुणा पांढऱ्या उमटल्या. कागद टेबलावर ठेवून चष्मा पुसायला गेलो आणि परत आलो तो टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. खुणा आता उलट्या दिसत होत्या. किंवा खरे सांगायचे तर पहिल्यांदाच सुलट दिसत होत्या. रोमन लिपीतली चार मोठी अक्षरे: जी, आय, एल, एल. आजोबांपासून आमच्यापर्यंत तीन पिढ्यांनी ती तलवार पूजेच्या पाटावर एकाच दिशेने ठेवली होती, मूठ उजव्या हाताला. त्यामुळे लेख डोक्यावर उभा होता आणि आम्ही त्याला मोडी म्हणत होतो.

गिल हे बर्मिंगहॅमच्या तलवार बनविणाऱ्या घराण्याचे नाव. अठराव्या शतकाच्या अखेरीस इंग्लंडात जर्मन पाती सरस की देशी, असा मोठा वाद चालू होता. ईस्ट इंडिया कंपनीला घोडदळासाठी तलवारी हव्या होत्या, त्या वेळी १७८६ मध्ये कसोट्या झाल्या. पाती वाकवून आणि आपटून पाहिली गेली, आणि टॉमस गिलची पाती त्यांत उत्तम उतरली. पुढे तो आपल्या काही पात्यांवर ती कधीही दगा देणार नाहीत अशी हमी कोरू लागला. आमच्या पात्यावर हमी नाही, नुसते नाव आहे. साध्या स्वाराच्या हत्याराला तेवढेच मिळे.

नाव कळल्यावर बाकीचे पाते आपोआप वाचता येऊ लागले. लांबी सुमारे ३३ इंच. वाक चांगला मोठा. दोन्ही अंगांना एकेक रुंद पन्हळ, आणि अणीकडे पाते निमुळते न होता उलट रुंदावत जाऊन एकदम संपते. ब्रिटिश सैन्यात १७९६ मध्ये मंजूर झालेल्या हलक्या घोडदळाच्या तलवारीचे हे वर्णन आहे. जॉन गॅस्पार्ड ल मारशाँ या अधिकाऱ्याने तिचा आराखडा केला. फ्लँडर्सच्या मोहिमेत तो ऑस्ट्रियन घोडदळाच्या शेजारी लढला होता आणि हुसारांच्या बाकदार तलवारीचा कापा त्याच्या मनात भरला होता. हुसारांनी तो बाक तुर्कांशी लढता लढता उचललेला. म्हणजे हिंदुस्थानात येऊन पडलेला हा आकार पूर्वेला काही अगदीच परका नव्हता. छत्राचे म्हणाल, तर जिभेखाली वाती घालून तेल-कुंकवाचा थर काढला, भिंग धरले, तेव्हा ते छत्र राहिले नाही. तो इंग्लंडच्या राजाचा मुकुट होता. आणि त्याखालचा ओंकार म्हणजे इंग्रजी तीनचा आकडा. पाते सरकारी तपासणीत उतरले की तपासनीस आपला मुकुट-क्रमांक त्यावर ठोकीत असे. आमच्या घराण्याने पिढ्यान्‌पिढ्या ज्या ओंकाराला कुंकू लावले, तो बर्मिंगहॅमच्या एका तपासनिसाचा शिक्का होता.

१७९६ वजा १७६१ बरोबर पस्तीस. ही वजाबाकी आम्ही कागदावर मांडून केली, हे सांगायला लाज वाटते, पण केली. मग बराच वेळ काही केले नाही.

वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढला. त्यात पानिपतापर्यंतच्या काळातली अस्सल पत्रे होती आणि प्रस्तावनेत बखरींतल्या चुकांची झाडाझडती. हा खंड आम्ही वर्गात आदराने दाखवितो. पत्रे काय म्हणतात आणि बखर काय म्हणते, असे दोन रकाने फळ्यावर आखतो. विद्यार्थी हसतात, आम्हीही हसतो. त्या रात्री उजव्या रकान्यात आजी आणि आजोबा बसलेले दिसले, तेव्हा हसू आले नाही. बखरकार खोटे बोलत होते असे आम्ही वर्गात कधी म्हटले नव्हते, एवढेच थोडे समाधान. आजीही खोटे बोलत नव्हती. तिला एक तलवार मिळाली होती आणि एक पराभव ऐकून माहीत होता. तिने दोघांची गाठ घालून दिली.

पाते विलायती, पण मूठ आमचीच. पोकळ लोखंडी मूठ, वर वाटोळी चकती, आत लाख भरून पाते बसविलेले, खास दख्खनी काम. या जोडीने बिचकण्याचे कारण नाही. मराठीत तलवारीला ‘फिरंग’ हा शब्दच मुळी परदेशी पात्यावरून आला. गोव्याच्या पोर्तुगिजांकडून आणि इतर वाटांनी युरोपातली पाती येत, इथले कारागीर त्यांना इथली मूठ चढवीत, आणि पोवाडे व बखरी त्या हत्याराचे नाव अभिमानाने घेत. पासाऊ आणि झोलिंगेन या जर्मन गावांच्या पात्यांवर धावत्या लांडग्याची खूण असे. तिला इतकी पत होती, की भलतेच लोक ती आपल्या पात्यांवर कोरू लागले. म्हणजे खूणही खोटी असू शकते, हा धडा तलवारींच्या बाबतीत फार जुना आहे. आमच्या बाबतीत मात्र नाव, शिक्का, पन्हळ, वाक, अणी अशा पाच साक्षी एकाच दिशेला बोट दाखवीत होत्या.

प्रश्न उरला तो असा: ब्रिटिश घोडदळाचे पाते मोमिनाबादेजवळच्या शिलेदाराच्या घरी आले कसे? याचे उत्तर आम्हांला एका पुस्तकात भेटले, आणि ज्याने ते लिहिले त्याचे नाव इंग्रजी कवितेच्या विद्यार्थ्यांना वेगळ्या कारणाने ठाऊक असेल. कॅप्टन लुई नोलन. १८५४ मध्ये बालाक्लाव्हाच्या ज्या वेड्या हल्ल्यावर टेनिसनने कविता लिहिली, त्या हल्ल्याचा हुकूम घेऊन जाणारा आणि त्यात पहिल्याच क्षणांत पडलेला. त्याआधी एक वर्ष, १८५३ मध्ये, त्याने घोडदळावर एक ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यात निजामाच्या घोडदळाची हकीकत आहे. या स्वारांनी रोहिल्यांशी झालेल्या एका चकमकीत केलेले घाव पाहून इंग्रज थक्क झाले, म्हणून नोलनने त्यांच्या तलवारींची चौकशी केली. पाहतो तो पाती बहुतेक इंग्रज ड्रॅगून पलटणींनी मोडीत काढलेलीच! १८२१ मध्ये नवा नमुना मंजूर झाल्यावर जुनी पाती टाकाऊ ठरत गेली. ती स्वारांनी घेतली, आपल्या पद्धतीची लहान, चापट लोखंडी मूठ बसविली, वस्तऱ्यासारखी धार लावली आणि लाकडी म्यानात ठेवली. इंग्रजांचे म्यान लोखंडी. काढता-घालता धार त्यावर घासून बोथट होई. शिवाय हे स्वार लढाईखेरीज तलवार उपसतच नसत. कवायतीत नाही, मिरवणुकीत नाही.

हे वाचून आम्ही उठलो आणि म्यान पाहिले. लाकडाचे, वर विटलेले मखमल. आजीचे वाक्य आठवले. म्यानाबाहेर आली की रक्त मागते. आजोबांच्या अंगठ्यावरचा तो थेंबही आठवला. पूर्वजाचे नाव, लढाई, साल, हात, सारे या घराने चुकविले होते. परंतु हत्यार कसे राखावे ही स्वाराची शिस्त तेवढी जशीच्या तशी, कारण विसरून, व्रतासारखी पाळली होती. लोकसाहित्यात विधी कथेपेक्षा जुना असतो, असे आम्ही परीक्षेपुरते शिकवीत आलो. आता ते वाक्य वापरताना जरा थांबावे लागते.

तात्यांना हे सगळे फोनवर सांगितले. ते दोन मिनिटे गप्प राहिले. मग म्हणाले, “म्हणजे असईला गोऱ्याच्या हातातून हिसकावून घेतली म्हणायची.” आम्ही स्तब्ध! २३ सप्टेंबर १८०३ ची असईची लढाई आजच्या जालना जिल्ह्यातली. तिथे एकोणिसाव्या लाइट ड्रॅगून पलटणीने हल्ला केला होता आणि त्या पलटणीची पाती याच नमुन्याची असू शकतात. तात्यांनी इतिहासाचे पुस्तक कधी उघडले नव्हते, तरी अर्ध्या मिनिटात त्यांनी काळ, स्थळ आणि शत्रू जुळविला होता. आमच्या कानांदेखत एक नवी बखर जन्माला आली, आणि खरे सांगायचे तर ती वाईट नव्हती. भांडारकर संस्थेत महाभारताची चिकित्सित आवृत्ती सिद्ध करताना सुकथनकरांसारखे संपादक जो नियम पाळीत, तो आम्ही तात्यांना समजावू लागलो: दोन पाठ समोर असले तर अवघड, न पटणारा पाठ आधी विचारात घ्यावा, कारण नकलाकार सोपे आणि गोड करीत जातो. तात्या म्हणाले, “तू तुझं कॉलेजातलं कॉलेजात ठेव. आपल्याला अवघड पाठ कोणता, तेवढं सांग.”

अवघड पाठ सांगणे भाग होते. गावात आमच्या घराला ‘दफेदाराचा वाडा’ म्हणतात. हा शब्द आम्ही जन्मभर ऐकला आणि एकदाही त्याचा कोश उघडला नाही. पानिपतावर गेलेल्या माणसाच्या घराला दफेदाराचे नाव कसे, असे कुणी विचारले नाही. दफेदार हे पद आपल्या ओळखीचे झाले ते कंपनीच्या धर्तीवर बांधलेल्या रिसाल्यांतून. साध्या स्वाराच्या वरचा, जमादाराच्या खालचा. निजामाचे हे इंग्रज अधिकाऱ्यांखालचे सैन्य १८५३ च्या तहानंतर हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखले जाऊ लागले. त्याच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला. त्याच्या छावण्या बोलारम, औरंगाबाद, जालना, हिंगोली अशा ठिकाणी होत्या, आणि मोमिनाबादला. घोडदळ शिलेदारी पद्धतीचे, घोडा आणि हत्यार स्वाराने आपले आणायचे. ज्याला हत्यार पदरच्या पैशाने घ्यायचे आहे, तो मोडीतले चांगले पाते घेणार, हे कुठल्याही शेतकऱ्याला कळेल.

आता पुढचे पाऊल. १८५८ मध्ये कंटिंजंटच्या तुकड्या सर ह्यू रोझच्या फौजेबरोबर मध्य हिंदुस्थानात गेल्या. ३ एप्रिलला झाशीच्या तटावर हल्ला झाला आणि शहर पडले. त्या शहरात त्या दिवसांत कोकणातला एक भिक्षुक जीव मुठीत धरून लपला होता. विष्णुभट गोडसे यांचा ‘माझा प्रवास’ मराठीच्या कोणत्या विद्यार्थ्याने वाचलेला नाही? आम्ही तो किमान वीस वेळा शिकविला असेल. प्रत्येक वेळी गोडसे भटजींच्या शेजारी, घराच्या आत, अंधारात बसून शिकविला. दाराबाहेर घोड्यावर बसलेला माणूस आमच्या घरचा असेल, आणि त्याच्या कमरेला लाकडी म्यान असेल, अशा बाजूने ते पुस्तक उघडायची वेळ येईल असे वाटले नव्हते.

त्या रात्री झोप लागली नाही, आणि पहाटे आम्ही तात्यांइतकेच पुराणिक झालो. आम्हांला एकदम आठवले, की जून १८५७ मध्ये औरंगाबादला याच कंटिंजंटच्या पहिल्या घोडदळातले स्वार उठले होते. पुण्याकडून आलेल्या फौजेने तो उठाव मोडला, कित्येकांना देहदंड झाला. आजच्या छत्रपती संभाजीनगरातला क्रांती चौक त्या आठवणीने ओळखला जातो. आमचा पूर्वज त्यांच्यातला असेल तर? उठाव फसल्यावर तो तलवारीसह गावी निसटून आला असेल, इंग्रजी शिक्का लपविण्यासाठी मुठीची जीभ त्यावर ओढून घेतली असेल, आणि विचारणाऱ्यांना ‘पानिपतावरची’ असे सांगून टाकले असेल! किती सुरेख जुळते. आम्ही उठून हे टिपूनही ठेवले. दिवस उजाडल्यावर वाचले, तेव्हा त्यात एकच पुरावा आढळला: तसे असावे ही आमची इच्छा. जीभ शिक्क्यावर आली ती दख्खनी मुठीची घडणच तशी म्हणून. कागद फाडला नाही. वहीत घालून ठेवला आहे, आजी-आजोबांच्या पाठांच्या जोडीला.

शेवटी फलकावर काय लिहिले ते सांगतो. ‘दख्खनी मुठीची तलवार. पाते बर्मिंगहॅम येथील गिल घराण्याचे, १७९६ च्या ब्रिटिश घोडदळाच्या नमुन्याचे. गावातील एका शिलेदार कुटुंबात अनेक पिढ्या वापरात व पूजेत.’ तात्यांनी ते वाचले. पानिपत कुठे आहे, असे विचारले. आम्ही म्हटले, पानिपत तुम्ही तोंडाने सांगा, फलकावर नको. ते काही बोलले नाहीत. पण दालन उघडले त्या दिवशी पेटीशेजारी खुर्ची टाकून ते बसून राहिले. मुलांना काय सांगत होते ते आम्हांला लांबून ऐकू आले नाही. हात मात्र एकदा डावा वर गेला, एकदा उजवा.

यंदा खंडेनवमीला आम्ही गावी गेलो. चिंच-राख बंद केली आहे, शिक्का आणखी झिजू नये म्हणून, नुसते तेल. तात्यांनी तलवार पाटावर ठेवली, मूठ उजवीकडे, नेहमीसारखी. कुंकवाच्या कोयरीत बोट बुडविले, मुठीच्या जिभेपर्यंत नेले आणि थांबले. आमच्याकडे पाहिले. मग डाव्या अंगठ्याने मुकुट झाकून धरला आणि खालच्या तीनच्या आकड्यावर कुंकू लावले.